शाल, श्रीफळ आणि बलक

गेल्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. चित्रकलेच्या सरांना पंच्याहत्तर पूर्ण होतायत, त्यांचा जीवनगौरव करायचा. हॉल ठरला, शाल ठरली, जेवणाचं ठरलं. शेवटी सन्मानपत्र कोण लिहिणार यावर गाडी अडली आणि "तू ब्लॉग लिहितोस ना, मग तूच लिही" असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. ब्लॉग लिहिण्याचे तोटे! :)

शुक्रवारी रात्री लॅपटॉप उघडून बसलो. "आपण अनेक पिढ्या घडवल्या" हे पहिलं वाक्य आपोआप आलं. दुसरंही आलं. तिसऱ्या वाक्याला लक्षात आलं की नाव बदललं तर हेच पत्र गणिताच्या बाईंना, पोस्टमास्तरांना किंवा कुणालाही देता येईल. सरांनी नक्की काय काय *केलं* हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेच्या व्हरांड्यातलं किल्ल्याचं मोठं चित्र आठवत होतं. बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या होत्या, हेही आठवत होतं. पण यादी? फोटो? काहीच नाही.

म्हणून शनिवारी सकाळी गाडी काढली. ताम्हिणी, माणगाव, इंदापूर, तळा. आई खूश, कारण दोन महिन्यांनी घरी जात होतो. शाळेत जाऊन पाहिलं तर व्हरांड्यातली भिंत पांढरीशुभ्र. रंगकाम निघालं तेव्हा चित्रावरून ब्रश फिरला म्हणे. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, फक्त कुणी विचारलं नाही. बाजारात पाट्यांच्या जागी आता फ्लेक्स. सरांच्या हातची एक पाटी तेवढी एका बंद दुकानावर सापडली, अर्धी गंजलेली.

दुपारी वेळ होता म्हणून कुड्याला गेलो. तळ्याच्या माणसाला कुडा लेणी म्हणजे शाळेची सहल. सव्वीस लेणी, खाली मांदाडची खाडी, आणि "इथे पाण्यात उतरू नका" म्हणून ओरडणारे सर. पण या वेळी मी शिलालेखांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं, कारण डोक्यात सन्मानपत्र होतं.

हे शिलालेख साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. आणि त्यात सगळीकडे नावं आहेत! कुणी वैद्य सोमदेव. कुणी माळी. कऱ्हाडहून आलेला लोखंडाचा व्यापारी महिक. कुणी भिक्षुणी. सहाव्या लेण्याचा लेख तर फारच सविस्तर आहे. महाभोज या स्थानिक सत्ताधीशाच्या पदरी लेखक, म्हणजे आपल्या भाषेत कारकून, असलेल्या शिवभूतीचा धाकटा भाऊ शिवम, त्याने हे लेणं दिलं. त्यातलं कोरीव काम त्याची बायको विजया आणि मुलांच्या नावे, खांब मुलींच्या नावे. अगदी घरातल्या प्रत्येकाला वाटून दिल्यासारखं.

म्हणजे ज्यांनी पैसे दिले त्या सगळ्यांची नोंद आहे. ज्यांनी छिन्नी चालवली, दारातले हत्ती घडवले, त्यांचं नाव नाही. आमच्या क्षेत्रात बोलायचं तर सॉफ्टवेअर सुरू करताना पडद्यावर क्लायंटचा लोगो झळकतो आणि कोड लिहिणारा पोरगा कुठेच दिसत नाही, तसंच. फरक इतकाच की आम्ही निदान गिटमध्ये असतो. कुठली ओळ कुणी लिहिली हे एका कमांडमध्ये कळतं (आणि बहुतेक वेळा शिव्या घालण्यासाठीच बघितलं जातं, पण असो).

तर मंडळी, कलाकाराला नावच द्यायचं नाही अशी आपली परंपरा होती, असं म्हणून मी इथे थांबू शकलो असतो. पण ते खरं नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळ, कोंडाण्याची लेणी आहेत. तिथे चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशेजारी एक भंगलेली मूर्ती आहे आणि तिच्यापाशी एक छोटा लेख. त्याचा अर्थ एवढाच: कण्हाचा शिष्य बलक याने केले.

संपलं. राजा नाही, दाता नाही, पुण्याचा हिशोब नाही. ज्याने केलं तो, आणि ज्याने शिकवलं तो. तिकडे पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावरही असाच लेख आहे, कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचा. म्हणजे सही करायची हिंमत आणि सोय तेव्हाही होती, फक्त फार थोड्यांना.

बलकाचं मला विशेष वाटतं ते यासाठी की त्याने स्वतःच्या नावाआधी गुरूचं नाव घातलंय. कण्हाने आयुष्यभर काय काय घडवलं ते आपल्याला कधी कळणार नाही. पण त्याचा जीवनगौरव दोन हजार वर्षं टिकला, तोही शिष्याच्या एका ओळीत!

आता जरा अलीकडे येऊ. स्वतंत्र भारतात कलावंतांचा मान करणं हे सरकारचं काम ठरलं. १९५४ साली ललित कला अकादमी स्थापन झाली आणि १९५५ साली तिची पहिली फेलोशिप जामिनी रॉय यांना मिळाली. पुढे मध्य प्रदेशाचा कालिदास सन्मान आला, आपल्याकडे १९९६ पासून महाराष्ट्र भूषण सुरू झाला. पु. ल., लता मंगेशकर, भीमसेन जोशी, सचिन... यादी मोठी आहे. पण चित्र-शिल्पकलेतल्या माणसाला महाराष्ट्र भूषण मिळायला २०२४ चा पुरस्कार उजाडावा लागला. तो राम सुतारांना मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले. आनंद आहेच, पण शंभर वर्षं जगणं ही पुरस्काराची पात्रता कशी असू शकते?

दुसरं उदाहरण आपल्या जिल्ह्यातलं. प्रभाकर बरवे, जन्म १९३६, अलिबागजवळचं नागाव. जे. जे.तून शिकले, विणकर सेवा केंद्रात नोकरी केली आणि भारतीय आधुनिक चित्रकलेत स्वतःची वेगळी वाट काढली. घड्याळ, पान, लिफाफा अशा साध्या वस्तू कॅनव्हासवर अशा ठेवायचे की त्या एकमेकींशी काही बोलतायत असं वाटावं. चित्र कसं सुचतं यावर त्यांनी 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिलं. १९९५ साली गेले, वय एकोणसाठ. जीवनगौरवाच्या रांगेत उभं राहायच्या वयाचेसुद्धा झाले नव्हते. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं ते २०१९ साली.

गायतोंड्यांचं तर विचारूच नका. पद्मश्री १९७१ मध्येच मिळाली होती, पण २००१ साली गेले तेव्हा चित्रकलेच्या वर्तुळाबाहेर किती जणांना ते माहीत होते? २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये प्रदर्शन. २०२५ मध्ये त्यांचं एक चित्र ६७ कोटींना विकलं गेलं. पेपरात बातमी आली, चित्राची नाही, आकड्याची.

मग वाटलं, मान उशिरा येतो एवढंच रडगाणं आहे का? तर नाही. आपल्याच जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट घडली आहे, सासवण्याच्या करमरकरांची.

विनायक पांडुरंग करमरकर, जन्म १८९१. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या ते नजरेस पडलं. हे कुणी काढलं म्हणून त्यांनी चौकशी केली, मुलाला शोधलं आणि मुंबईला जे. जे.त शिकायची सोय करून दिली. पुढे हाच मुलगा कलकत्त्याला गेला, लंडनला शिकून आला आणि १९२८ साली पुण्यात त्याने केलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. शिवाजीनगरला जाणाऱ्या प्रत्येकाने तो पाहिलेला असतो, शिल्पकाराचं नाव किती जणांना सांगता येईल? मलाही येत नव्हतं. रोज कंपनीच्या बसमधून जायचो, तरी!

करमरकरांना पद्मश्री मिळाली १९६२ साली, सत्तरीत. ललित कला अकादमीची फेलोशिपही मिळाली. १९६७ मध्ये ते गेले. सासवण्याच्या त्यांच्या घरात आज संग्रहालय आहे. तिथली कोळीण, गावातली साधी माणसं, जनावरं बघताना सिमेंट आणि प्लास्टर इतकं जिवंत कसं दिसू शकतं हा प्रश्न पडतो. अलिबागला बीचवर जाता तेव्हा वाट वाकडी करून जाच.

पण मला विचाराल तर त्यांचा खरा गौरव १९६२ चा नव्हेच. तो त्या देवळाच्या भिंतीपाशी झाला, कुणीतरी "हे कुणी काढलं?" असं विचारलं तेव्हा. त्या प्रश्नामुळे पुढची साठ वर्षं घडली. पद्मश्रीने फक्त त्यावर शिक्का मारला. भिंतीवरचं चित्र तेव्हाही कुणी चुन्याने पुसू शकलं असतं, आणि आपल्याला कळलंही नसतं की काय गेलं.

संध्याकाळी सरांकडे गेलो. चहा झाला. शाळेच्या भिंतीचा विषय मी भीतभीतच काढला. सर म्हणाले, "माहितीये रे मला. त्याच्यावरून दोनदा चाललो मी." मग थोडं थांबून म्हणाले, "शाल घरात सहा आहेत. तुम्हाला द्यायचीच तर द्या. पण त्या भिंतीचा कुणाकडे फोटो असेल तर मला हवाय."

काय बोलणार?

परत येताना इंदापूरच्या टपरीवर थांबून ग्रुपवर मेसेज टाकला. सन्मानपत्राचा नाही. प्रत्येकाने आपापल्या घरातले जुने अल्बम काढा. गॅदरिंगचे, बक्षीस समारंभाचे, निरोप समारंभाचे. मागे भिंत दिसत असेल तो प्रत्येक फोटो पाठवा. दुकानाच्या उद्घाटनाचे फोटो पाठवा, पाटी दिसत असेल तर. रविवार रात्रीपर्यंत एकोणतीस फोटो आले. एका फोटोत आम्ही सातवीतली कार्टी बत्तिशी काढून उभी आहोत आणि मागे किल्ल्याचा अर्धा बुरूज आहे. दुसऱ्यात उरलेला अर्धा. जोडून बघतोय. एका कोपऱ्यात तुकडा अजून कमी आहे.

सन्मानपत्र आता सोपं झालंय. "अनेक पिढ्या घडवल्या" काढून टाकलं. त्याऐवजी यादी आहे: कुठली भिंत, कुठली पाटी, साधारण कुठल्या साली. आणि खाली एलिमेंटरी-इंटरमिजिएटला सरांनी बसवलेल्यांपैकी जे आज चित्रं काढतात, अ‍ॅनिमेशन करतात, पेणला गणपती घडवतात, त्यांची नावं. प्रत्येकाच्या नावाआधी सरांचं नाव, बलकाच्या पद्धतीने.

मी त्या यादीत नाही. माझं चित्र सर बघायचे आणि म्हणायचे, "तू लिहीत जा." :)

असो. तुमच्या शाळेच्या भिंतीवर काही असेल तर या वीकेंडला एक फोटो काढून ठेवा. आणि कुणी काढलंय ते विचारा.