नाडी, श्वास आणि नोंद : निजामी मराठवाड्याच्या संदर्भात रुग्णनिरीक्षणाचा इतिहास

परभणी जिल्ह्यातील पिंगळी हे गाव मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, परभणी व पूर्णा या दोन स्थानकांच्या दरम्यान आहे. हा मार्ग इ. स. १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. त्या वेळी पिंगळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद सुभ्यातील परभणी जिल्ह्यात मोडत होते. या मार्गाच्या एका टोकास हैदराबाद ही संस्थानची राजधानी होती. दुसऱ्या टोकास, मनमाड येथे गाडी बदलून, मुंबई इलाखा गाठता येत असे. मराठवाड्यातील रुग्णसेवेच्या इतिहासाचा विचार करताना या दोन दिशा ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या कोणत्या लक्षणाकडे पाहावे, या प्रश्नावरील एक जगप्रसिद्ध वाद हैदराबादेत खेळला गेला. रुग्णाकडे सतत पाहावयाचे शिक्षण घेतलेला परिचारिकांचा वर्ग मात्र प्रामुख्याने मुंबई, पुणे व मिरज या ठिकाणी तयार होत होता. या दोन्ही गोष्टी एकत्र येण्यास मराठवाड्यात इतका विलंब का लागला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

रुग्णाजवळ राहून त्याची देखभाल करणाऱ्या व्यक्तीचे महत्त्व भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे परिचारक, आणि रोगी. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी प्रेम आणि शुचिता हे चार गुण असावेत अशी अपेक्षा तेथे आहे. परिचारकास चिकित्सेचा चतुर्थांश मानणारी ही कल्पना निश्चितच मोठी होती. तथापि शास्त्रात मान असणे आणि समाजात एखादा शिक्षित व्यवसाय म्हणून उभे राहणे, या दोन भिन्न गोष्टी होत. व्यवहारात रुग्णाची सेवा घरच्या स्त्रियांकडे आणि मलमूत्राची स्वच्छता अस्पृश्य मानलेल्या जातींकडे राहिली. उपस्थाता ग्रंथात राहिला. त्याची शाळा निघाली नाही.

रुग्णपरीक्षेच्या प्रकारांतही एका लक्षणाला असाधारण प्रतिष्ठा प्राप्त झाली. नाडीपरीक्षेचा सविस्तर विचार चरक व सुश्रुत यांच्या संहितांत आढळत नाही; तो शार्ङ्गधरसंहितेपासून पुढे रूढ झाला. युनानी वैद्यकात नब्ज पाहण्याची परंपरा स्वतंत्रपणे प्रबळ होती. मराठवाड्यात वैद्य आणि हकीम असे दोन्ही चिकित्सक असल्यामुळे सामान्य जनांच्या मनात रोगपरीक्षा म्हणजे मनगटावर बोटे ठेवणे, हे समीकरण पक्के झाले. श्वासाची गती मोजण्यास अशी प्रतिष्ठा कधीच मिळाली नाही. नाडी पाहणे ही विद्या ठरली आणि श्वास ही सर्वांस दिसणारी, म्हणूनच कोणी न पाहिलेली, गोष्ट राहिली.

या पार्श्वभूमीवर हैदराबाद येथील क्लोरोफॉर्म आयोगांकडे पाहिले पाहिजे. क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग १८४७ मध्ये सुरू झाला आणि लगेच १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर या पंधरा वर्षांच्या मुलीचा भूल देताना मृत्यू ओढवला. तेव्हापासून दोन पक्ष पडले. क्लोरोफॉर्म प्रथम हृदय बंद पाडते, म्हणून नाडीवर बोट ठेवावे, असे लंडनमधील पुष्कळ तज्ज्ञांचे म्हणणे होते. उलट प्रथम श्वसन थांबते, नाडीकडे पाहण्यात व्यर्थ वेळ जातो, म्हणून श्वासाकडेच लक्ष द्यावे, असे एडिंबरो येथील शल्यचिकित्सकांच्या परंपरेचे मत होते. एडवर्ड लॉरी हे या दुसऱ्या परंपरेत वाढले होते. हैदराबाद येथे रेसिडेन्सी सर्जन व तेथील वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख म्हणून काम करताना त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस श्वास पाहावयाचा हाच नियम घालून दिला.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिला आयोग नेमण्यात आला. त्याचा निष्कर्ष लॉरी यांच्या मतास अनुकूल होता. परंतु लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने त्याविषयी शंका व्यक्त केली. तेव्हा 'लॅन्सेट'ने आपला प्रतिनिधी पाठवावा यासाठी निजामाने एक हजार पौंड देऊ केले आणि टॉमस लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ १८८९ मध्ये हैदराबादेत आले. दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. श्वसन आधी थांबते व हृदय नंतर, हा निष्कर्ष पुन्हा काढण्यात आला आणि स्वतः ब्रंटन यांनीही तो मान्य केला. एका भारतीय संस्थानाच्या राजधानीत झालेल्या संशोधनाने युरोपातील वैद्यकीय मताला आव्हान द्यावे, ही त्या काळात लहान घटना नव्हती.

याच विद्यालयातून १८८९ मध्ये रूपाबाई फर्दुनजी यांनी हकीम ही वैद्यकीय पदविका संपादन केली. हैदराबाद येथील रुग्णालयांत क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी केले आणि जगातील आरंभीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. रुग्णाच्या शेजारी बसून त्याचा प्रत्येक श्वास पाहण्याचे कार्य एका भारतीय स्त्रीकडे इतक्या लवकर आले, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

आयोगाचा निष्कर्ष मात्र पूर्ण सत्य नव्हता. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाच्या जवनिकांचे अनियमित कंपन सुरू होऊन प्राणी एकाएकी दगावतो. म्हणजे श्वास थांबून मृत्यू येतो हे खरे, आणि हृदय आकस्मिकपणे बंद पडून येतो हेही तितकेच खरे. नाडी की श्वास, हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला गेला होता. दोन्ही लक्षणे पाहणे, ठराविक अंतराने पाहणे आणि जे दिसले ते लिहून ठेवणे, हेच त्याचे योग्य उत्तर होते. प्रयोगशाळेतील प्राणी काही तास टेबलावर असतो. रुग्णालयातील मनुष्य शस्त्रक्रियेनंतर दिवसच्या दिवस खाटेवर असतो. त्या दिवसांचे निरीक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न आयोगाच्या कार्यकक्षेत नव्हता.

तो प्रश्न अन्यत्र विचारला गेला होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणास स्वतंत्र प्रकरण दिले आणि काय पाहावे व कसे पाहावे हे शिकविणे, हा परिचारिकेच्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा व्यावहारिक धडा मानला. पुढे १८६८ मध्ये वुंडरलिख यांनी सुमारे पंचवीस हजार रुग्णांच्या तापमानाच्या नोंदींवर आधारलेला ग्रंथ सिद्ध केला; आल्बट यांनी त्याच दशकात सहा इंची सुटसुटीत तापमापक तयार केला. १८९४–९५ च्या सुमारास कुशिंग व कॉडमन या अमेरिकन तरुणांनी भुलेच्या वेळी नाडी व श्वास यांचा आलेख ठेवण्यास आरंभ केला आणि १८९६ मध्ये रिव्हा-रोची यांनी रक्तदाब मोजण्याचे व्यवहार्य साधन दिले. अशा रीतीने खाटेशी टांगलेला तक्ता हे आधुनिक रुग्णालयाचे चिन्ह बनले. परंतु तक्ता आपोआप भरत नाही. दर चार तासांनी, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीसुद्धा, तो भरणारी शिक्षित व्यक्ती हवी असते.

अशी व्यक्ती घडविण्याचे प्रयत्न मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले, तेथे डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था केली. मिरज येथे डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या जोडीने शुश्रूषेचे शिक्षणही उभे राहिले. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ, पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात, रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे शिक्षित परिचर्येचे उदाहरण नव्हे. परंतु ज्या देहास स्पर्श करण्यास समाज भीत होता त्यास उचलून आणणे हीच परिचर्येची पहिली अट आहे, आणि ती येथे पुरी झालेली दिसते. पुढे १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या नेतृत्वाखाली ससून रुग्णालयाच्या साहाय्याने हिंदू स्त्रियांस, विशेषतः विधवांस, हे शिक्षण मिळवून देण्यास प्रारंभ केला. परपुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी आणि सर्व जातींच्या रुग्णांचा स्पर्श या तिन्ही बाबी तत्कालीन उच्चवर्णीय कुटुंबांस अमान्य होत्या, हे लक्षात घेता या कार्याचे सामाजिक मोल कळून येते. १९३५ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात परिचारिकांची नोंदणी सुरू झाली आणि व्यवसायास कायद्याचे अधिष्ठान लाभले.

यावर असा आक्षेप घेता येईल की, हैदराबादेतही अफझलगंज रुग्णालय १८६६ पासून होते आणि १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरात ते उद्ध्वस्त झाल्यावर त्याच्या जागी भव्य उस्मानिया रुग्णालय उभे राहिले. मग संस्थान मागे होते असे का म्हणावे? आक्षेप राजधानीपुरता रास्त आहे. परंतु संस्थानचे वैद्यकीय वैभव राजधानीत केंद्रित होते. मराठवाड्यात औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ मध्ये, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपल्यानंतर आठ वर्षांनी. शिवाय उणीव केवळ संस्थानातच होती असेही नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात ब्रिटिश हिंदुस्थानाविषयी जे आकडे दिले, त्यांनुसार ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता. परिचारिका मात्र ४३,००० लोकांमागे एक होती. एका डॉक्टरमागे एकही परिचारिका पुरी नव्हती. म्हणजे औषध सांगणारा होता, ते लागू पडते की नाही हे पाहणारे कोणी नव्हते. ही जागा नातेवाईकांनी भरून काढली. आजही ग्रामीण रुग्णालयात खाटेशेजारी बसलेले घरचे माणूस हे त्याच उणिवेचे रूप आहे.

१९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेचा पाया घातला गेला, १९६६ मध्ये महाराष्ट्र परिचारिका अधिनियम झाला. अंबाजोगाई येथे १९७४ मध्ये, नांदेड येथे १९८८ मध्ये आणि परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. याच काळात परिचर्येची पद्धतही बदलली. १९६७ मध्ये यूरा व वॉल्श या अमेरिकन लेखिकांनी रुग्णस्थितीचे मूल्यमापन, नियोजन, अंमलबजावणी व फलनिश्चिती अशी परिचर्याप्रक्रियेची चार अंगे मांडली. १९७४ मध्ये ग्लासगो येथे शुद्धीचे गुणांकन करण्याची पद्धत निघाली. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने प्रौढ रुग्णांसाठी पूर्वसूचना-गुणांकनाची पद्धत प्रसिद्ध केली व २०१७ मध्ये ती सुधारली. तीत श्वसनगती, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धी व तापमान यांना गुण दिले जातात. मिनिटास बारा ते वीस श्वास असल्यास शून्य. पंचवीस वा अधिक, किंवा आठ वा त्याहून कमी असल्यास तीन गुण. एकूण गुण पाच झाले की डॉक्टरला तातडीने बोलवावयाचे, सात झाले की अतिदक्षतेचा विचार करावयाचा.

या पद्धतीत श्वसनगती अग्रभागी आहे, हे हैदराबादच्या वादाच्या संदर्भात उद्बोधक वाटते. शस्त्रक्रियेनंतर आतल्या आत रक्तस्राव होत असल्यास रक्तदाब पुष्कळदा उशिरा उतरतो. नाडी जलद होणे, श्वास वाढणे, रुग्ण अस्वस्थ होणे, हातपाय गार पडणे व लघवीचे प्रमाण घटणे ही चिन्हे त्यापूर्वी दिसू शकतात. जंतुदोष रक्तात पसरू लागल्यावरही श्वास वाढणे हे आरंभीचे लक्षण असते. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित राहणारी नोंद श्वासाचीच, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. कारण उघड आहे. तापमान, रक्तदाब व प्राणवायू यांसाठी यंत्रे आली, नाडीही यंत्र सांगते. श्वास मात्र सर्वसाधारण कक्षात अद्याप पूर्ण एक मिनिट, रुग्णाच्या नकळत, छातीकडे पाहूनच मोजावा लागतो. पन्नास खाटांचा कक्ष एका परिचारिकेकडे असेल तर केवळ श्वास मोजण्यातच तिची पन्नास मिनिटे जातील. म्हणून तक्त्यावर प्रत्येक रुग्णापुढे एकच आकडा लिहिलेला दिसला, तर तो आळसाचा पुरावा मानण्यापूर्वी कक्षातील खाटा व परिचारिका यांचे प्रमाण तपासणे न्याय्य ठरेल.

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निरीक्षणाचे ज्ञान आणि निरीक्षण करणारा वर्ग, या दोहोंचा इतिहास स्वतंत्र आहे. हैदराबादेत पहिल्याचा विकास राजाश्रयाने झाला, आणि तो आश्रय संपताच त्याचे महत्त्वही ओसरले. मुंबई इलाख्यात दुसऱ्याचा विकास मिशन, सामाजिक संस्था व कायदा यांच्या आधारे हळूहळू झाला, आणि तो टिकला. मराठवाड्यातील खेड्यांना पहिल्याचा लाभ झाला नाही व दुसऱ्याचा उशिरा झाला. लोहमार्गाच्या दोन्ही दिशा पिंगळीच्या स्थानकावरून जात होत्या. परंतु पोट फुगून तापलेल्या माणसास त्यांपैकी कोणत्याही टोकापर्यंत पोहोचविणे ही त्याच्या कुटुंबाची चिंता होती. आज अंतर कमी झाले आहे. तथापि रुग्णाचे प्राण वाचावयाचे तर त्याच्या खाटेजवळ मिनिटभर थांबून श्वास मोजणारी, तो लिहिणारी आणि त्याचा अर्थ ओळखून हाक देणारी व्यक्ती पुरेशा संख्येने असली पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्षांची यादी म्हणजे रुग्णसेवेचा इतिहास नव्हे. तो त्या तक्त्यावरील आकड्यांत असतो, आणि ते आकडे खरे असण्यात असतो.