रायगड किनारपट्टीवरील श्वानाहार आणि कॅल्शियम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मानवाच्या सहवासात सर्वांत आधी आलेला प्राणी म्हणून कुत्र्याचा उल्लेख केला जातो. तथापि, त्याच्या आहाराचा इतिहास आपल्याकडे क्वचितच लिहिला गेला. गाय, बैल व घोडा यांच्या चाऱ्याची नोंद राज्यव्यवस्थेने ठेवली, कारण शेती, वाहतूक आणि लष्कर त्यांच्यावर अवलंबून होते. कुत्रा मात्र घरातील उरल्यासुरल्या अन्नावर जगणारा प्राणी मानला गेला. कोलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याच्या किनारपट्टीवर हे 'उरलेसुरले' अन्न म्हणजे भात आणि मासळी होय. आज याच किनाऱ्यावर अलिबाग, किहीम, मांडवा या परिसरातील बंगल्यांतून मोठ्या जातींची विदेशी कुत्री पाळली जातात आणि त्यांच्या पिल्लांना कॅल्शियमयुक्त औषधे सर्रास पाजली जातात. पूर्वीच्या आहारात कॅल्शियम कोठून येत होते, ते कमी पडल्यास काय घडते हे शास्त्राला केव्हा कळले आणि आजची पूरक मात्रा कितपत आवश्यक आहे, या तीन प्रश्नांचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

प्राचीन व मध्ययुगीन उल्लेख

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाच्या कर्तव्यांचे विवेचन करताना कुत्र्यांसाठी एक प्रस्थ शिजलेला भात द्यावा, असा निर्देश आहे. धान्याच्या कोठारातून कुत्र्याला नियत शिधा देण्याची कल्पना यातून स्पष्ट होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात 'सारमेयविनोद' असे स्वतंत्र प्रकरण आहे. कुत्रा हा राजाच्या करमणुकीचा व शिकारीचा साथीदार म्हणून तेथे येतो.

ब्रिटिश काळातील कागदपत्रांत मात्र कुत्रा बहुधा उपद्रव म्हणून भेटतो. भटक्या कुत्र्यांना मारण्याच्या मोहिमेविरुद्ध जून १८३२ मध्ये मुंबईत जो दंगा झाला, त्यात पारशी समाज अग्रभागी होता. पुढे १८८६ मध्ये परळ येथे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तरी अभ्यासाचा भर दीर्घकाळ घोडे व गुरेढोरे यांवरच राहिला. श्वानाहार हा विद्येचा विषय होण्यास बराच अवधी लागला.

किनारपट्टीचा आहार : भात, नाचणी आणि मासळी

१८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कोलाबा व जंजिरा गॅझेटिअरवरून भात हे या भागाचे मुख्य पीक आणि नाचणी व वरी ही डोंगरउतारावरील पिके होती, हे दिसून येते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांनुसार १०० ग्रॅम सडीक तांदळात सुमारे १० मिलिग्रॅम, तर नाचणीत सुमारे ३४४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये वाढत्या पिल्लासाठी दर १००० किलोकॅलरी आहारामागे ३ ग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली. या मापाने पाहिल्यास १००० किलोकॅलरी देणाऱ्या सुमारे २९० ग्रॅम तांदळातून जेमतेम २९ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या एक टक्का कॅल्शियम मिळते. नाचणीतून एक तृतीयांशाच्या आसपास गरज भागेल, परंतु नाचणीतील फायटिक आम्लामुळे त्यातील काही भाग शरीरास लाभत नाही.

मग केवळ भातावर वाढणारी गावठी पिल्ले हातीपायी धड कशी राहिली? याचे उत्तर कोळीवाड्यांत सापडते. थळ, वरसोली, रेवदंडा, कोर्लई, मुरूड, राजपुरी, श्रीवर्धन या गावांतून मासळी निवडताना निघणारी डोकी, काटे व आतडी कुत्र्यांच्या वाट्याला येत. बोंबील आणि जवळा उन्हात वाळवले जात असल्याने, त्यांना खारवलेल्या मासळीसारखे मीठ लावावे लागत नाही. लहान मासळी काट्यांसकट खाल्ली जाते आणि काट्यांत कॅल्शियम व फॉस्फरस ही दोन्ही द्रव्ये हाडांतील नैसर्गिक प्रमाणात असतात. यकृतातून व तारली, बांगड्यासारख्या तेलकट मासळीतून 'ड' जीवनसत्त्व मिळते. अशा रीतीने भातातील उणीव समुद्राने भरून काढली. ही व्यवस्था कोणी आखलेली नव्हती. ती व्यवसायाच्या ओघात घडून आली.

समुद्रातून मिळणारे कॅल्शियम या किनाऱ्यावर अन्य रूपांतही वापरात होते. शिंपल्या भाजून चुना काढणे हा कोकणातील जुना उद्योग होय. आयुर्वेदातील शंखभस्म, शुक्तिभस्म, कपर्दिकभस्म व प्रवाळभस्म ही औषधेही मूलतः कॅल्शियमची संयुगेच आहेत. विड्याच्या चुन्याची निवळी मुलांना आणि अशक्त जनावरांना पाजण्याची रीत सर्वपरिचित आहे. मात्र चुना पाण्यात फार थोडा विरघळतो. पाच मिलिलिटर निवळीत जेमतेम ४ ते ५ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर अंड्याच्या एका कवचाच्या पुडीत सुमारे २ ग्रॅम. निवळीने पिल्लाची गरज भागत नाही आणि न निवळलेला चुना तोंड व आतडे भाजतो.

मुडदूस आणि पिल्लांवरील प्रयोग

कॅल्शियमच्या अभावाचे शास्त्रीय आकलन ज्या प्रसंगांतून झाले, त्यांत प्राण्यांच्या पिल्लांचे स्थान महत्त्वाचे आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाच्या छाव्यांना केवळ हाडाविना मांस दिले जाई आणि ते मुडदुसाने मरत. १८८९ मध्ये शल्यविशारद जॉन ब्लँड-सटन यांनी आहारात ठेचलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल यांचा समावेश करण्यास सुचविले व छावे सुधारले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. धान्यप्रधान आहारावर पिल्लांना मुडदूस होतो व कॉड माशाच्या तेलाने तो टळतो, हे त्यांनी १९१९ मध्ये मांडले. ओटच्या पिठाने विकार अधिक बळावतो, हेही त्यांना आढळले. १९२२ मध्ये मॅक्कॉलम यांनी या तेलातील मुडदूसनाशक घटक 'अ' जीवनसत्त्वाहून भिन्न असल्याचे सिद्ध केले. पुढे तो 'ड' जीवनसत्त्व म्हणून ओळखला गेला. ओटचे कोडे १९३९ च्या सुमारास उलगडले. धान्यातील फायटिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवते. आज मुलांच्या हाडांच्या रक्षणाचे जे ज्ञान आपण गृहीत धरतो, त्याची किंमत अशा रीतीने शेकडो पिल्लांनी मोजली आहे.

दुसऱ्या महायुद्धात कॉड तेलाची आयात रोडावली, तेव्हा मद्रास व मुंबई प्रांतांत शार्कच्या यकृताचे तेल काढण्यास चालना मिळाली. कोकणात मुशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे तेल तोवर मुख्यतः होड्यांना चोपडण्यासाठी उपयोगी पडे. हे तेल 'अ' जीवनसत्त्वाने समृद्ध असले, तरी 'ड'च्या बाबतीत कॉड तेलाची बरोबरी करीत नाही.

येथे एक समज तपासणे आवश्यक ठरते. किनाऱ्यावर ऊन मुबलक असल्याने कुत्र्यांना 'ड' जीवनसत्त्वाची वाण पडणार नाही, असे सहज वाटते. परंतु माणसाप्रमाणे कुत्र्याच्या त्वचेत सूर्यप्रकाशाने हे जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, असे नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे कोळीवाड्यातील कुत्र्याला तारले ते उन्हाने नव्हे, मासळीने.

शर्यतीची कुत्री

रायगडच्या पुळणीवर शर्यत म्हटली की बैलगाड्याच डोळ्यांपुढे येतात. कुत्र्यांच्या शर्यतींची हौस घाटावरची. सांगली, सातारा, कोल्हापूर भागांतील यात्रांतून ती दिसते. कारवान व मुधोळ या वेगवान जाती दख्खनच्याच. मुधोळचे मालोजीराव घोरपडे यांनी तेथील जातीच्या जतनासाठी प्रयत्न केले आणि २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढले. भाकरी व दूध हा या कुत्र्यांचा रूढ आहार. त्यात ज्वारीची उणीव दुधाने काही अंशी भरून निघते.

यांत्रिक सशामागे धावणाऱ्या ग्रेहाउंडच्या शर्यती इंग्लंडमध्ये १९२६ साली मँचेस्टर येथे सुरू झाल्या व त्यांच्यासाठी मांसप्रधान आहार रूढ झाला. निव्वळ मांसात कॅल्शियमच्या पंधरा ते वीस पट फॉस्फरस असतो. हे प्रमाण दीर्घकाळ टिकल्यास परावटू ग्रंथी रक्तातील कॅल्शियम राखण्यासाठी हाडांतूनच ते काढून घेतात. म्हणूनच अशा आहारात हाडांची भुकटी घालणे सयुक्तिक होते. मात्र आहार संतुलित असेल तर अधिक कॅल्शियमने वेग वाढत नाही व अस्थिभंगही टळत नाही. डावीकडे वळणाऱ्या धावपट्टीवर ग्रेहाउंडच्या उजव्या मागच्या पायातील घोट्याची हाडे विशेष मोडतात. याचे कारण वळणावर एकाच बाजूला वारंवार पडणारा ताण हे होय.

टंचाईकडून अतिरेकाकडे

उत्रेख्त येथेच हॅझेविंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रेट डेन जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. १.१ टक्का कॅल्शियमच्या आहाराऐवजी ३.३ टक्के कॅल्शियम मिळालेल्या पिल्लांत हाडांची व कूर्चेची वाढ बिघडलेली आढळली. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपेक्षा अधिक कॅल्शियमचे शोषण बरेचसे रोखू शकते. कोवळ्या पिल्लात ही क्षमता पुरेशी विकसित झालेली नसते. जास्त दिले की जास्त शरीरात जाते. मोठ्या व झपाट्याने वाढणाऱ्या जातींना याचा धोका सर्वाधिक असतो. गाभण कुत्रीलाही अनावश्यक पूरक मात्रा देणे अपायकारक ठरते. तिची कॅल्शियम-नियमन यंत्रणा मंदावते व व्याल्यानंतर दूध सुरू झाले की रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटून झटके येण्याची शक्यता वाढते.

किनारपट्टीवरील आजचे चित्र या पार्श्वभूमीवर विरोधाभासाचे आहे. एका घरात पिल्लाला भात आणि हाडाविना कोंबडीचे मांस मिळते. हा आहार दिसायला उंची, परंतु काटेकुटे खाणाऱ्या पूर्वीच्या कुत्र्याच्या आहाराहून हाडांसाठी निकृष्ट आहे. दुसऱ्या घरात पिल्लांसाठीचा पूर्ण संतुलित तयार आहार दिला जातो व वर कॅल्शियमचे औषधही पाजले जाते. पहिल्या पिल्लाला मोजून दिलेली पूरक मात्रा आवश्यक आहे. दुसऱ्याला तीच मात्रा अपाय करते. दोघांचेही पाय वाकतात आणि दोन्ही घरी कारण म्हणून 'कॅल्शियम कमी पडले' असेच सांगितले जाते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, श्वानाहारातील कॅल्शियमचा प्रश्न हा केवळ मात्रेचा कधीच नव्हता. कॅल्शियम, फॉस्फरस व 'ड' जीवनसत्त्व यांच्या परस्परप्रमाणाचा तो प्रश्न आहे. रायगडच्या किनाऱ्यावरील पारंपरिक आहाराने हे प्रमाण मासळीच्या काट्यांतून व यकृतातून अजाणता साधले. आहार बदलला तेव्हा हा समतोल ढळला आणि त्याची जागा औषधाच्या बाटलीने घेतली. म्हणून पिल्लाला कॅल्शियम द्यावे की नाही हे ठरविण्यापूर्वी ते दररोज काय खाते, हे पशुवैद्यकाने विचारणे व पालकाने प्रामाणिकपणे सांगणे अगत्याचे आहे. कोळीवाड्यांतील प्राण्यांच्या आहारविषयक रीती जाणत्या पिढीकडून नोंदवून घेण्याचे कार्य किनारपट्टीवरील महाविद्यालयांनी हाती घेतल्यास स्थानिक इतिहास व पशुविज्ञान या दोहोंनाही त्याचा लाभ होईल.