पुलाचा गाळा

कोरमंगलात घराबाहेर पडले की ईजीपुरा उड्डाणपुलाचे खांब दिसतात. अडीच किलोमीटरच्या या पुलाचे काम २०१७ मध्ये सुरू झाले आणि रखडले. पुढे कितीतरी वर्षे खांब नुसतेच उभे होते. लोकांची ये-जा त्यांच्यामधून चालू राहिली. मुंबईच्या सागरी पुलांविषयीचा एक इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘स्पॅन’ या शब्दापाशी मला हीच जागा आठवली. मराठीत तिला गाळा म्हणतात. दुकानाचा गाळा सगळ्यांना ठाऊक असतो. पुलाचा गाळा म्हणजे दोन खांबांमधले अंतर, खालून जाणाऱ्यांची वाट. मुंबईच्या पुलांचा इतिहास आपण बहुधा वरून जाणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. तो गाळ्यांच्या बाजूनेही सांगायला हवा.

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी एकेकाळी होडीने ओलांडावी लागे. पावसाळ्यात ते जिवावरचे काम होते. लेडी आवाबाई जमशेटजी जिजीभॉय यांनी १,५७,००० रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. या दानाने असंख्य जीव वाचवले असतील. पण कॉजवे म्हणजे मुख्यतः भरावाचा रस्ता. पाण्याला त्यात मोजकीच वाट. मिठी नदीचे मुख तिथे आवळले गेले. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी वस्त्यांत शिरली, तेव्हा या अरुंद मुखाची चर्चा पुन्हा सुरू झाली.

पश्चिम किनाऱ्याने जलद रस्ता न्यावा, ही कल्पना १९६० च्या दशकाच्या आरंभी विल्बर स्मिथ या अमेरिकी सल्लागार संस्थेने मांडली. तिचा एक तुकडा समुद्रात उभा राहायला जवळपास अर्धे शतक लागले. वांद्रे-वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ मध्ये झाली आणि ३० जून २००९ रोजी तो खुला झाला. ५.६ किलोमीटरच्या या सेतूला वांद्र्याच्या बाजूला २५० मीटरचे दोन आणि वरळीच्या बाजूला १५० मीटरचा एक असे केबलने तोललेले मोठे गाळे आहेत.

पुढे दक्षिणेकडून येणारा किनारी रस्ता वरळीला या सेतूशी जोडायचा ठरला. वरळी कोळीवाड्यातल्या होड्या तिथल्याच क्लीव्हलँड बंदरातून निघतात. जोडपुलाच्या आराखड्यात त्यांच्या वाटेवरचा गाळा होता ६० मीटरचा. होडीच्या रुंदीशी ताडून पाहिला तर तो पुरेसा वाटतो. कोळ्यांचे म्हणणे वेगळे होते. होडी काही गाडीसारखी आखल्या रेघेत चालत नाही. वारा आणि लाट तिला बाजूला ओढतात, खाली खडक असतात, समोरून दुसरी होडी येते. खवळलेल्या समुद्रात खांबावर आपटली, तर होडीही जाते आणि माणूसही.

कोळ्यांनी समुद्रातले काम अडवले. बऱ्याच ताणाताणीनंतर २०२२ च्या अखेरीस एक खांब वगळून गाळा १२० मीटरचा करण्याचे सरकारने मान्य केले. मागणी त्याहूनही मोठ्या गाळ्याची होती. एप्रिल २०२४ मध्ये १३६ मीटर लांबीची, सुमारे २,००० टनांची धनुष्याकृती पोलादी तुळई तिथे बसवली गेली.

गाडीतून जाणाऱ्याला हे अंतर कापायला काही क्षण लागतात. तिथे एक खांब कमी आहे हे त्याला कळतही नाही. उद्‌घाटनाच्या फलकावर अशा गोष्टीची नोंद होत नसते. पण नकाशावर नुसता निळा दिसणारा तो भाग कुणाचा तरी रोजचा रस्ता आहे, हे यंत्रणेला मान्य करावे लागले, आणि तेही बांधकाम चालू असताना. माझ्यापुढच्या मजकुरात त्याबद्दल एकच ओळ होती, कंसात. भाषांतरात मी ‘गाळा’ लिहिले आणि कंस काढून टाकला.