मुलगा की मुलगी? : गुणसूत्रांच्या शोधाची कथा

आपल्या घरी किंवा शेजारी बाळंतपण झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय झालं?" मुलगा झाला म्हटले की मोहल्लाभर मिठाई फिरते. पहिल्या मुलीला 'धनाची पेटी' म्हणून आपण स्वतःची समजूत घालतो. पण तिसरीही मुलगीच झाली की घर गप्प होते आणि सर्वांचे डोळे अंथरुणावर पडलेल्या त्या मातेकडे वळतात. "हिच्या कुशीत मुलगाच नाही" हे वाक्य, मग घर कोणत्याही धर्माचे असो, आजही ऐकू येते. कुठे सुनेला माहेरी धाडतात, तर कुठे दुसऱ्या निकाहची भाषा सुरू होते. हा दोष त्या मातेचा आहे काय? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने 1905 साली दिले. ते कसे मिळाले, तो इतिहास थोडक्यात आपणापुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अपत्याचे लिंग कशाने ठरते याविषयी माणसाने फार पूर्वीपासून तर्क केले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांनी त्याचा संबंध शरीरातील उष्णतेशी जोडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही मातेला मिळणाऱ्या पोषणावर मुलगा-मुलगी ठरते, असे मानणारे विद्वान होते. म्हणजे दोष फिरून मातेच्याच पदरात!

दरम्यान सूक्ष्मदर्शकाने एक नवे जग उघडले होते. जर्मनीत वाल्टर फ्लेमिंग यांनी पेशी विभागताना तिच्या केंद्रकात दिसणाऱ्या धाग्यांचे बारकाईने वर्णन केले. त्यांचा ग्रंथ 1882 साली प्रसिद्ध झाला. याच धाग्यांना आज आपण गुणसूत्रे म्हणतो. पुढच्याच वर्षी बेल्जियमच्या एडुआर्ड व्हान बेनेडेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतांचा अभ्यास केला. फलित अंड्यात चार गुणसूत्रे होती. त्यांपैकी दोन मातेकडून आणि दोन पित्याकडून आलेली होती. दोघांचा वाटा अगदी समसमान!

पण येथे एक कोडे उभे राहते. प्रत्येक पिढीत माता-पित्यांच्या गुणसूत्रांची नुसती बेरीज होत गेली, तर त्यांची संख्या दुप्पट होत जाईल. तेव्हा बीजपेशी तयार होताना ही संख्या निम्मी होत असलीच पाहिजे, असे ऑगस्ट व्हाइसमान यांनी 1887 साली तर्काने सांगितले आणि पुढे ते खरे ठरले. या क्रियेला आपण अर्धसूत्री विभाजन म्हणतो. तीत गुणसूत्रांच्या नकला एकदाच निघतात, पण पेशी दोनदा विभागते. माता-पित्यांकडून आलेल्या जोड्या शेजारी येतात, आपापसांत काही भागांची देवघेव करतात आणि मग विलग होतात. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रे, म्हणजे 23 जोड्या असतात. बीजपेशीत प्रत्येक जोडीतील एकच जाते. कोणते जाईल हे निव्वळ योगायोगावर असते. नुसत्या या वाटपातूनच एका माणसाच्या बीजपेशींचे सुमारे 84 लाख प्रकार संभवतात. म्हणूनच सख्खी भावंडेही एकसारखी नसतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर शोधणारी व्यक्ती एक स्त्री होती, ही गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. नेटी मारिया स्टीव्हन्स यांचा जन्म 1861 साली अमेरिकेत एका सुताराच्या घरी झाला. त्यांनी अध्यापक विद्यालयात शिक्षण घेतले, शाळेत शिकवून पैसा साठवला आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, 1896 मध्ये, स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. ज्या वयात आपण "आता काय शिकायचे?" म्हणून हात टेकतो, त्या वयात या बाईंनी पदवीची सुरुवात केली! 1903 साली ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली.

त्यांनी अभ्यासासाठी निवडला एक क्षुल्लक जीव, पिठात वाढणारा किडा. मादीच्या पेशीत 20 मोठी गुणसूत्रे दिसली. नराच्या पेशीत 19 मोठी आणि एक अगदी लहान. मादीच्या प्रत्येक अंड्यात 10 मोठी गुणसूत्रे जात होती. नराच्या शुक्रपेशी मात्र दोन प्रकारच्या निघाल्या. निम्म्यांत 10 मोठी, तर निम्म्यांत 9 मोठी व एक लहान. पहिल्या प्रकारातून मादी आणि दुसऱ्यातून नर जन्मतो, हा निष्कर्ष त्यांनी 1905 मध्ये मांडला. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनीही दुसऱ्या कीटकांवर स्वतंत्रपणे असेच काम प्रसिद्ध केले. पुढे त्या मोठ्या गुणसूत्राला एक्स आणि लहानाला वाय ही नावे रूढ झाली. नेटीबाई 1912 साली, अवघ्या पन्नासाव्या वर्षी, कर्करोगाने निधन पावल्या. गुणसूत्रांवरील कार्यासाठी 1933 चे नोबेल पारितोषिक थॉमस हंट मॉर्गन यांना मिळाले. नेटीबाईंचे नाव मात्र बराच काळ मागे पडले.

माणसातही हाच नियम आहे. स्त्रीजवळ दोन एक्स, पुरुषाजवळ एक एक्स व एक वाय. माता देते ते नेहमीच एक्स; मुलगा की मुलगी हे पित्याच्या शुक्रपेशीवर ठरते. वाय गुणसूत्रावरील जे जनुक पुरुषत्वाची दिशा देते, तेही 1990 साली लंडनच्या संशोधकांनी शोधून काढले. मग दोष पित्याचा म्हणावा काय? तोही नाही, कारण कोणती शुक्रपेशी पोहोचेल हे त्याच्या हाती नसते.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी ध्यानात घ्यावी. पित्याजवळचे एकुलते एक एक्स त्याला स्वतःच्या आईकडून मिळालेले असते आणि तेच जवळजवळ जसेच्या तसे तो आपल्या प्रत्येक मुलीला देतो. म्हणजे जिच्या जन्माने दादीचा चेहरा उतरतो, त्या नातीत दादीचेच एक्स नांदत असते! मुलाच्या मुलात ते जात नाही.

वाचकहो, हे सारे शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात आहे. पण पुस्तकातून ते घरात उतरलेले नाही. महाराष्ट्राने 1988 साली गर्भजल परीक्षणावर नियंत्रण आणणारा कायदा केला, 1994 मध्ये तो देशासाठी झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात 1991 मध्ये 946 मुली होत्या, त्या 2001 मध्ये 913 आणि 2011 मध्ये 894 उरल्या. मुलगी झाल्याची वार्ता ऐकून चेहरा काळवंडणाऱ्या पित्याचा निषेध पवित्र कुरआनच्या सूरह अन्-नह्लमध्ये आहे. ती शिकवण आपल्याजवळ असताना आपण तरी मातेला बोल लावू नये.

आपल्या शाळेतील मुली आज प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावीत आहेत. त्यांनी हा धडा घरी जाऊन अम्मीला, दादीला आणि अब्बांना समजावून सांगावा आणि आपण तो मन लावून ऐकावा, एवढीच विनंती.