धुण्याचं मशीन आणि पाण्याचा वार

सोलापुरात वॉशिंग मशीन घ्यायला गेलं की दुकानदार किंमत सांगायच्या आधी विचारतो, "ताई, तुमच्याकडं पाणी कसं येतंय?" पुण्या-मुंबईच्या मंडळींना गंमत वाटेल, पण आमच्या गावातला या यंत्राचा इतिहास विजेपासून नाही, पाण्यापासूनच सुरू करावा लागतो.

गाव गिरण्यांचं. जुनी मिल १८७७ ची. त्याच्याही आधी, १८७१ मध्ये, हिप्परग्याचा म्हणजे एकरूखचा तलाव पुरा झाला होता. गाव वाढलं, तलाव पुरेना. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं, तेही आपल्याच जिल्ह्यात. पण शहरापासून शंभर किलोमीटरहून लांब! तिथून नदीत सोडलेलं पाणी टाकळीला उचला, नाहीतर थेट पाइपलाइननं आणा. एवढं करून नळाला पाणी वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड. बाकी गावांत धुण्याला रविवार असतो, आमच्याकडे 'पाण्याचा वार' असतो.

अशा गावात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी टीव्हीवरून वॉशिंग मशीन आलं. व्हिडिओकॉनची जाहिरात आठवत असेलच. कंपनी इथलीच, मराठवाड्यातली. कारखाना तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावला. त्या जाहिरातीत मशीन कपडे वाळवूनही देतं याचं केवढं कौतुक! इथे एप्रिलात पारा चाळिशीच्या वर. दुसरा पिळा दोरीवर जाईपर्यंत पहिला कडकडीत वाळलेला. ड्रायरची किंमत कळावी ती मुंबईकरांना आणि कोकणातल्यांना.

आमच्याकडे मशीन आलं १९९३ मध्ये, हप्त्यावर. बाबांना फुल्ली ऑटोमॅटिक हवं होतं, कारण मुंबईच्या काकांकडे तेच होतं. आई म्हणाली, "ते मशीन स्वतःच्या मर्जीनं पाणी मागणार. तेव्हा मी कुठनं आणू?" विषय संपला. घरी आलं ते दोन टबांचं सेमी ऑटोमॅटिक.

तांत्रिक ज्ञान आईला शून्य, पण तिचा मुद्दा अगदी बरोबर होता. फुल्ली ऑटोमॅटिकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पण मागे नळाला जोर हवा, नाहीतर टाकी पुरेशी उंच हवी. आणि ते प्रत्येक वेळचं पाणी गटारात सोडून देतं. सेमीमध्ये बादलीनं पाणी ओतता येतं आणि ते कधी सोडायचं हे आपण ठरवतो. त्याच साबणाच्या पाण्यात आई आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी पायपुसणी काढायची. निचऱ्याची नळी बादलीत. त्या पाण्यानं मोरी, उरलं तर अंगण. कंपनीच्या माहितीपुस्तकात यातलं काही नव्हतं. सोलापूरच्या बायकांनी हे मशीन आपल्या पद्धतीनं पुन्हा घडवलं, असं मला वाटतं.

हान्स रोस्लिंग या स्वीडिश प्राध्यापकांचं वॉशिंग मशीनवरचं २०१० मधलं भाषण फार गाजलं. त्यांच्या आजीनं सरपणावर पाणी तापवून सात मुलांचे कपडे हातानं धुतले होते. घरात मशीन आलं तेव्हा ती समोर बसून ते फिरताना शेवटपर्यंत बघत राहिली. मशीननं वाचवलेल्या वेळात आई मुलाला घेऊन वाचनालयात जाऊ लागली. गोष्ट सुंदर आहे, मलाही गहिवरून आलं. उलट रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ च्या पुस्तकात मांडलं होतं की यंत्रं आली तरी घरच्या बाईचे कामाचे तास काही फारसे घटले नाहीत. धुणं सोपं झालं आणि कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले.

सोलापुरात या दोघांच्याही मध्ये नळ येतो. पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांवर. पाणी आलं की मांडीवरचं सूप बाजूला ठेवून उठायचं, हंडे-पिंपं भरायची, त्यातच धुणं उरकायचं. तेवढ्या वेळच्या विड्या गेल्या, म्हणजे तेवढी मजुरी गेली. मशीन त्यातला धुण्याचा भाग नक्की वाचवतं, कंबरही वाचवतं. पाण्याची वाट बघण्याचा भाग त्याच्या हातात नाही. तो नगरपालिकेच्या आणि १९६४ पासून महापालिकेच्या हातात. त्याला हप्ते भरून सुटका नाही.

असो. आमचं ते मशीन सोळा वर्षं टिकलं. सोलापुरी चादरी मात्र त्यात कधीच पडल्या नाहीत. डबल चादर भिजली की एकट्या माणसाला उचलत नाही, मशीन तर जागचं हलायचं. गावच्या मागावर विणलेल्या त्या चादरी शेवटपर्यंत मोरीतल्या दगडावरच धुतल्या गेल्या. पिळायला दोघं लागायचे, एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला घरात जो कोणी सापडेल तो.