अपघात झाला, पण गुन्हा?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात अपघाताची फिर्याद वाचायला घेतली, की ठरलेले शब्द भेटतात: रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने आणि भरधाव वेगात. गाडीचा नंबर बदलतो, मयताचं नाव बदलतं, हे शब्द बदलत नाहीत. त्यांच्या भरवशावर खालच्या कोर्टांनी ड्रायव्हरांना शिक्षा ठोठावल्या आणि वरच्या कोर्टांनी त्यांतल्या काही रद्दही केल्या. रद्द झालेल्या या शिक्षांमागे शंभराहून जास्त वर्षांचा एक वाद आहे. गाडीखाली माणूस गेला, एवढ्यावरून ड्रायव्हर गुन्हेगार ठरतो का?

ज्या कलमाखाली हे खटले चालत आले, ते मोटारीपेक्षा जुनं आहे. भारतीय दंड संहिता 1860 ची. अविचाराने किंवा हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलचं 304-अ हे कलम तिच्यात 1870 साली घालण्यात आलं, आणि कार्ल बेंझने आपल्या मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो 1886 मध्ये. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षं. हयगय म्हणजे नेमकं काय, हे कलमात सांगितलेलंच नव्हतं. ते काम न्यायाधीशांवर पडलं.

पहिली भक्कम रेघ मुंबईत ओढली गेली. 1902 साली ओंकार रामप्रताप खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी सांगितलं, की मृत्यू हा आरोपीच्या हयगयीचा थेट परिणाम असला पाहिजे. त्या कृत्याशिवाय मृत्यू घडला नसता, एवढं दाखवून भागत नाही; मृत्यूला तेच कृत्य कारण झालं, हे दाखवावं लागतं. पुढे मुंबईतल्या रंगाच्या कारखान्याला लागलेल्या आगीचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हाही याच निकालाचा आधार घेतला गेला.

तत्त्वाची खरी कसोटी लागली ती सुलेमान रहिमान मुलाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात. जीप चालवणाऱ्याकडे पक्का परवाना नव्हता, नुसता शिकाऊ परवाना होता. जीपची धडक बसून एक माणूस जखमी झाला. त्याला त्याच जीपमध्ये घालून उपचारासाठी नेलं, पण तो वाचला नाही. त्यानंतर त्याचं प्रेत परस्पर जाळण्यात आलं. हे सगळं ऐकल्यावर कुणाचंही मत आरोपीच्या विरोधातच जाईल, आणि खालच्या कोर्टांत तेच झालं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र एक साधा प्रश्न विचारला: अपघात नेमका झाला कसा? त्याला पुराव्यात उत्तर नव्हतं. तो माणूस अचानक आडवा आला असेल का? ती शक्यता कुणी खोडून काढली नव्हती. शिकाऊ परवान्यावर जीप चालवणं हा मोटार वाहन कायद्याचा भंग, त्याचा हिशेब वेगळा. त्यावरून गाडी हयगयीनेच चालवली, असं धरून चालता येत नाही. 304-अ खालची शिक्षा रद्द झाली, आणि मूळ गुन्हाच शाबीत न झाल्यामुळे पुरावा नष्ट केल्याचा आरोपही उरला नाही. 1968 च्या कायद्याच्या अहवालांत छापला गेलेला हा निकाल मयताच्या घरच्यांना किती जड गेला असेल, याची कल्पना करवत नाही. तरीही तो बरोबर होता. आरोपी नंतर वाईट वागला म्हणून आधीचा पुरावा तयार होत नसतो.

सय्यद अकबर या कर्नाटकातल्या बस ड्रायव्हरला न्याय मिळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. चार वर्षांचं लेकरू एकाएकी रस्त्यात धावलं. त्याला चुकवायला त्याने स्टिअरिंग पार उजवीकडे वळवलं, पण लेकरू वाचलं नाही. अपघातच सगळं सांगतो, ड्रायव्हरने आपली बाजू स्वतः सिद्ध करावी, अशी खालची भूमिका होती. 1979 मध्ये न्यायमूर्ती सरकारिया यांनी ती मोडून काढली: फौजदारी खटल्यात गुन्हा शाबीत करण्याचं ओझं सरकार पक्षावरून आरोपीवर सरकत नाही. साक्षीदार फितूर ठरला म्हणून त्याची अख्खी साक्ष टाकून देऊ नये, हेही त्यांनी बजावलं. गरीब ड्रायव्हरच्या दृष्टीने हे दुसरं सूत्र मोलाचं, कारण अपघात डोळ्यांनी पाहिलेली माणसं मुळात मोजकीच असतात.

नुकसानभरपाईच्या दाव्यात मात्र 'अपघातच सगळं सांगतो' हा नियम चालतो, आणि चाललाच पाहिजे. नागपूरहून पांढुर्ण्याला निघालेली मोटार झाडावर आदळली आणि आतला प्रवासी दगावला. त्याची पत्नी पुष्पाबाई उदेशी यांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली भरपाईचा हक्क मान्य केला. गाडी रस्ता सोडून झाडावर गेली, तर ती का गेली हे गाडीवाल्यांनी सांगावं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. भरपाईचा निकाल आणि तुरुंगाचा निकाल वेगळ्या तराजूत तोलले जातात. ड्रायव्हर सुटला म्हणजे मयताचं कुटुंब वाऱ्यावर पडलं, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे. भरपाईसाठी न्यायाधिकरणाचा रस्ता खुला राहतो.

मग 1998 साली सतीश नावाच्या ट्रक ड्रायव्हरचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजला. ट्रक उलटून माणसं मेली होती आणि दोन कोर्टांनी शिक्षा दिली होती. साक्षीदारांनी एवढंच सांगितलं होतं, की गाडी वेगात होती. किती वेगात, कुठल्या रस्त्यावर, हे कुणी विचारलंच नव्हतं. उच्च न्यायालयाने त्याला सोडलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. नुसत्या 'वेगात होती' यावरून हयगय ठरत नाही. ब्रेकच्या खुणा, रस्त्याची रुंदी, वळण, गाडीतला बिघाड यांची नोंद करणारा घटनास्थळाचा पंचनामा किती काळजीने लिहिला गेला, यावर अपिलाचा निकाल अनेकदा ठरतो. पंचनामा ढिला असेल, तर निर्दोष ड्रायव्हर अडकतो आणि दोषी ड्रायव्हर सुटतो.

आता संहिता बदलली आहे. भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमात हयगयीने घडलेल्या मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अपघात करून खबर न देता पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद दुसऱ्या पोटकलमात आहे. तिच्या विरोधात जानेवारी 2024 च्या पहिल्या दिवसांत मनमाडजवळच्या पानेवाडीत टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि राज्यभर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. जमावाच्या हाती सापडण्याच्या भीतीने ड्रायव्हर पळतो, हे त्यांचं म्हणणं होतं. 1 जुलै 2024 ला संहिता अमलात आली, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवण्यात आलं. पाच वर्षांचं कलम मात्र लागू झालं, आणि त्याखाली शिक्षा झालेल्या ड्रायव्हरच्या अपिलात वकिलांच्या हाती आधार आहेत ते मुलाणी, सय्यद अकबर आणि सतीश यांच्या निकालांचेच.