दास्यमुक्तीचें पत्र व फुटलेला घट

कोलशेत हें श्रीस्थानक ऊर्फ ठाणें याच्या उत्तरेस खाडीकांठीं वसलेलें गांव. इ. स. च्या बाराव्या शतकांत या प्रांतीं शिलाहारांचें राज्य असून, याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'अपरार्क' टीकेचा कर्ता शिलाहार राजा अपरादित्य होय, असें महामहोपाध्याय काणे यांचें मत आहे. बळजबरीनें दास केलेल्यास व चोरांनीं विकलेल्यास सोडावें, धन्याचे प्राण वांचविणारा दासही मुक्त होतो, असें ती स्मृति सांगते.

त्याच सुमारास, त्याच पश्चिम किनाऱ्यावर, दुसऱ्या एका धर्मशास्त्राप्रमाणें एक दासी मुक्त झाली. मंगळूर येथें ता. १७ आक्टोबर ११३२ रोजीं अब्राहाम बेन यीजू या यहुदी व्यापाऱ्यानें आशू नामक दासीस मुक्तिपत्र लिहून दिलें. यहुदी धर्मांत आल्यामुळें तीस 'बराखा' हें नांव मिळालें. पुढें तीच त्याची पत्नी झाली, असें विद्वान् मानतात. हें पत्र आज रशियांतील संग्रहांत आहे.

यहुदी शास्त्रांत या पत्रास 'गेट शिहरूर' म्हणतात. काडीमोडीचें पत्रही 'गेट'च. दोहोंचा विचार 'गिट्टीन' या एकाच प्रकरणांत केलेला आहे. दासाची मुक्ति द्रव्यानें किंवा पत्रानें होते. पत्र मिळालेली दासी आपली आपण स्वामिनी होऊन यहुदी समाजांत विवाहास पात्र ठरते. आमच्याकडे नारदस्मृतींत निराळा विधि आहे. धनी दासाच्या खांद्यावरील पाण्याचा घट घेऊन फोडतो, अक्षतापुष्पयुक्त जल त्याच्या मस्तकीं शिंपडतो, आणि तो अदास झाल्याचें तीन वेळां उच्चारतो. तदनंतर त्याचें अन्न भोज्य, दान ग्राह्य व तो सज्जनांस मान्य होतो.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानीं घ्यावी. यहुदी मुक्तीचा पुरावा कागद, म्हणून तो उरला. नारदोक्त मुक्तीचा पुरावा म्हणजे जमलेल्या लोकांची दृष्टि. खापऱ्या कोण जतन करणार? तेव्हां दप्तरांत दासींच्या खरेदीचे कागद सांपडतात व मुक्तीचे विरळा, एवढ्यावरून मुक्ति होतच नव्हती असें अनुमान काढणें सयुक्तिक नाहीं.

मात्र पत्रानें अधिकार मिळाला तरी मान मिळतोच असें नाहीं. कोचीन येथें मुक्त दासांच्या वंशजांस 'मेशुहरारीम' म्हणत. विधिपूर्वक मुक्त झालेल्यांशीं विवाहास प्रत्यवाय नाहीं, असा निर्णय कैरो येथील डेव्हिड इब्न झिम्रा यांनीं सोळाव्या शतकांत दिला होता. तथापि १५६८ मध्यें बांधलेल्या परदेशी सभागृहांत या वंशजांस विसाव्या शतकापर्यंत बरोबरीचें आसन नव्हतें. त्यांच्यांतीलच वकील अब्राहाम बराक सालेम (१८८२–१९६७) यांस त्यासाठीं सत्याग्रह करावा लागला. कोंकणांतील बेने इस्राएलांतही 'गोरे' व 'काळे' असा भेद होता. त्याचें कारण मात्र मिश्र संबंधांची संतति असें सांगत.

सारांश, नारदानें अन्न, दान व मान यांचा स्पष्ट उच्चार केला तो व्यर्थ नव्हे. धन्याच्या सहीनें दास्य सुटतें. पंक्तींत बसवून घेणें हें शेजाऱ्यांचें काम असतें. जुनी रुमालें सोडतांना मुक्तीचा कागद हातीं आल्यास, त्या मनुष्याचें नांव पुढें कोणत्या पंक्तींत आढळतें, तेंही शोधावें.